जॉर्ज गॅलप

जॉर्ज होरेस गॅलप (१८ नोव्हेंबर, १९०१ – २६ जुलै, १९८४) हे जनमत चाचणीचे तंत्र सर्वसामान्य वाचकापर्यंत नेणारे अमेरिकन संशोधक, पत्रकारितेचे प्राध्यापक आणि जाहिरात-व्यवसायातील अभ्यासक होते. देशातील प्रत्येक मतदाराला गाठण्याची गरज नसते. थोडीच माणसे योग्य रीतीने निवडली, तर त्यांच्या उत्तरांवरून साऱ्या देशाचा कल समजू शकतो, हे त्यांनी १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत दाखवून दिले. बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, याच क्षेत्रात त्यांना सर्व देशासमोर अपयश पत्करावे लागले. इंग्रजीत आणि पुढे अनेक भाषांत, मराठी वृत्तपत्रांतही, गॅलप पोल हा शब्दप्रयोग जनमत चाचणी याच अर्थाने वापरला गेला. नॉर्वेजियन, डॅनिश व फिनिश या भाषांत तर त्यांचे आडनाव सामान्यनाम होऊन बसले आहे.

बालपण व शिक्षण

गॅलप यांचा जन्म अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आयोवा राज्यात, जेफरसन या लहान गावी झाला. वडील जॉर्ज हेन्री गॅलप यांचा दुग्धव्यवसाय होता. जमिनीच्या खरेदी-विक्रीचे व्यवहारही ते करीत. वडिलांनी बांधलेल्या अष्टकोनी घरात मुलाचे बालपण गेले. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या नावावरून घरात त्याला टेड म्हणत, आणि हे टोपणनाव त्यांना जन्मभर चिकटले. शाळकरी वयात टेड दुधाचे रतीब घालत असे. त्या कमाईतून त्याने आपल्या शाळेत एक वर्तमानपत्र सुरू केले.

पुढील शिक्षण आयोवा विद्यापीठात झाले. तेथून त्यांनी १९२३ मध्ये बी.ए., १९२५ मध्ये मानसशास्त्रात एम.ए. आणि १९२८ मध्ये पीएच.डी. या पदव्या मिळवल्या. विद्यार्थीदशेत ते 'डेली आयोवन' या विद्यापीठीय दैनिकाचे संपादक होते. विद्यापीठाच्या आवारापुरते मर्यादित असलेले हे पत्र त्यांच्या कारकिर्दीत गावाचेही दैनिक झाले. वर्तमानपत्र काढणाऱ्याला आपला वाचक नेमके काय वाचतो हे ठाऊक नसते, ही जाणीव त्यांना याच सुमारास झाली असावी.

१९२२ च्या उन्हाळी सुटीत सेंट लुईस शहरातील एका वर्तमानपत्राच्या वाचक-पाहणीत त्यांना काम मिळाले. दारोदार जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरे टिपून घ्यायची, असे ते काम होते. बहुतेक वाचक आपण अग्रलेख व देशविदेशच्या महत्त्वाच्या बातम्या वाचतो असे सांगत. चारचौघांत शोभेल असे उत्तर माणूस देतो. त्याचे खरे वागणे निराळे असू शकते, हे या तरुणाच्या लक्षात आले. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी त्यांनी त्यावर एक साधा उपाय योजला. वाचकाला काय वाचता असे विचारण्याऐवजी ते आदल्या दिवशीचा संपूर्ण अंक त्याच्यासमोर उघडत आणि रकान्यामागून रकाना दाखवत प्रत्येक मजकुरावर बोट ठेवून हे वाचले का, असे विचारत. डे मॉइन येथील दैनिकांच्या वाचकांवर केलेल्या या अभ्यासातून चित्रे आणि व्यंगचित्रमालिका यांना वाचकवर्ग फार मोठा, तर पहिल्या पानावरील ठळक बातम्यांना संपादकांच्या समजुतीपेक्षा बराच लहान असल्याचे दिसून आले. गॅलप यांच्या पुढील सर्व कामाचे मूळ या प्रबंधात आहे.

विवाह व सासूबाईंची निवडणूक

२५ डिसेंबर, १९२५ रोजी गॅलप यांचा विवाह ओफेलिया मिलर यांच्याशी झाला. या दांपत्याला अॅलेक व जॉर्ज हे दोन मुलगे आणि ज्युलिया ही मुलगी झाली. ओफेलियाचे वडील अॅलेक्स मिलर हे आयोवातील एका वृत्तपत्राचे संपादक होते. १९२६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या वतीने त्यांनी राज्यपालपदाची निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतीचा मान राखावा म्हणून पक्षाने १९३२ मध्ये त्यांच्या पत्नी ओला बॅबकॉक मिलर यांना राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदासाठी उभे केले. रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या आयोवात त्या निवडून येतील, अशी पक्षालाही फारशी आशा नव्हती. जावयाने सासूबाईंसाठी या निवडणुकीत छोटीशी पाहणी केली. ती गॅलप यांची राजकारणातील पहिली पाहणी मानली जाते. ओला मिलर विजयी झाल्या. आयोवात सेक्रेटरी ऑफ स्टेट या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. राज्याचे महामार्ग पोलीस दल उभारण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्या वर्षी देशभर फ्रँकलिन रूझवेल्ट यांची लाट होती, हे लक्षात घेता या विजयात पाहणीचा वाटा किती हे सांगणे कठीण आहे.

अध्यापन आणि जाहिरात-व्यवसाय

१९२९ ते १९३१ या काळात गॅलप डे मॉइन येथील ड्रेक विद्यापीठात पत्रकारिता विभागाचे प्रमुख होते. त्यानंतर काही काळ त्यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अध्यापन केले. वाचकांना चित्रमालिका आवडतात, या त्यांच्या निष्कर्षामुळे जाहिरातदारांचे त्यांच्याकडे लक्ष गेले आणि लवकरच वर्तमानपत्रांत चित्रमालिकांच्या रूपातील जाहिराती दिसू लागल्या. १९३२ मध्ये न्यू यॉर्कमधील यंग अँड रुबिकम या जाहिरातसंस्थेने त्यांना संशोधन विभागाचे संचालक म्हणून बोलावून घेतले. तेथे ते १९४७ पर्यंत होते. याच काळात काही वर्षे ते कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिताही शिकवत असत.

जनमत चाचणीचे शास्त्र राज्यशास्त्राच्या वर्गात जन्मले, असा समज असतो. वस्तुतः साबण, न्याहारीचे पदार्थ व रेडिओचे कार्यक्रम यांच्या बाजारपेठेचा अभ्यास करताना ते आकाराला आले. ग्राहकाची आवड जर मोजता येते, तर नागरिकाचे मत का मोजता येऊ नये, असा गॅलप यांचा विचार होता. त्यांच्या चाहत्यांना हा विचार लोकशाहीचा विस्तार वाटला. नागरिकाला ग्राहक समजणे हाच मुळात घोटाळा आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही.

अमेरिकन जनमत संस्था

१९३५ मध्ये गॅलप यांनी न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन ही संस्था स्थापन केली. नाव एखाद्या विद्यापीठीय संस्थेसारखे भारदस्त असले, तरी हा खाजगी व्यवसाय होता. वृत्तपत्रे वर्गणी भरीत आणि त्यांना 'अमेरिका बोलते आहे' अशा अर्थाच्या नावाचे सदर मिळे. २० ऑक्टोबर, १९३५ रोजी या सदराचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. महामंदीच्या त्या दिवसांत सरकार मदतकार्यावर करीत असलेला खर्च फार कमी आहे, फार जास्त आहे की योग्य आहे, असा त्यातील प्रश्न होता. ६० टक्के लोकांनी तो फार जास्त असल्याचे उत्तर दिले.

आपल्या पद्धतीचे समर्थन करताना गॅलप न्यू इंग्लंडमधील जुन्या गावसभांचा दाखला देत. गाव लहान असताना सगळे नागरिक एका सभागृहात जमून निर्णय घेत. देश मोठा झाल्यावर ते अशक्य झाले. चाचण्या आणि वर्तमानपत्रे मिळून ती गावसभा राष्ट्राच्या पातळीवर पुन्हा भरवतील, अशी त्यांची धारणा होती. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात लोकांच्या वतीने बोलण्याचा हक्क फक्त पुढारी, संपादक आणि दबावगट यांच्याकडे राहू नये, यासाठी ते धडपडत होते. ही भूमिका त्यांनी सॉल फोर्ब्स रे यांच्यासमवेत लिहिलेल्या 'द पल्स ऑफ डेमॉक्रसी' (१९४०) या ग्रंथात सविस्तर मांडली आहे.

१९३६ ची निवडणूक

त्या काळी अमेरिकेत निवडणुकीचे भाकीत म्हटले की 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाचे नाव पुढे येई. १९२० पासूनच्या चारही अध्यक्षीय निवडणुकांत या साप्ताहिकाने विजेता अचूक सांगितला होता. दूरध्वनीच्या याद्या, मोटारमालकांच्या नोंदी इत्यादींवरून पत्ते काढून टपालाने मतपत्रिका पाठवायच्या आणि परत आलेल्या मोजायच्या, अशी त्याची रीत होती. १९३६ मध्ये साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. त्यांपैकी २३ लाखांहून अधिक परत आल्या. रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन हे रूझवेल्ट यांचा सहज पराभव करतील, असा त्यांतून निष्कर्ष निघाला.

गॅलप यांनी मात्र 'डायजेस्ट'च्या मतपत्रिका रवाना होण्यापूर्वीच, जुलै महिन्यात, हे साप्ताहिक चुकणार असल्याचे जाहीर केले होते. एवढ्यावर न थांबता ते किती चुकणार याचाही आकडा त्यांनी दिला. 'डायजेस्ट'सारख्याच याद्यांतून निवडलेल्या सुमारे ३,००० लोकांना पत्रे पाठवून त्यांनी लँडन यांना ५६ टक्के मते दाखवली जातील, असा अंदाज बांधला. साप्ताहिकाच्या संपादकांना हा उद्धटपणा वाटला आणि त्यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. प्रत्यक्षात 'डायजेस्ट'ने लँडन यांना ५७ टक्के मते दिली.

निवडणुकीत रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. लँडन यांच्या वाट्याला मेन व व्हर्मॉंट ही दोनच राज्ये आली. मंदीच्या काळात घरी दूरध्वनी व दाराशी मोटार असणारा वर्ग कोणाच्या बाजूचा होता, हे यातून उघड झाले. पुढील अभ्यासकांनी आणखी एक कारण दाखवून दिले आहे. मतपत्रिका ज्यांना गेल्या त्यांतील फार थोड्यांनी त्या परत पाठवल्या, आणि परत पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्ट यांच्यावर नाराज असलेल्यांचे प्रमाण अधिक होते.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. ही परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातल्या सगळ्या भाताला सारखीच आच लागलेली असते. समाजाचे पातेले तसे नसते. एकाच कडेची शिते कितीही लाख उचलली तरी मधला भात कच्चा आहे की शिजला, हे कळत नाही. 'डायजेस्ट'च्या २३ लाख मतपत्रिकांचे नेमके हेच झाले होते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

गॅलप यांच्याबरोबर एल्मो रोपर व आर्चिबाल्ड क्रॉसली या दोन संशोधकांनीही रूझवेल्ट यांच्या विजयाचे भाकीत केले होते, आणि तिघांत गॅलप यांचा आकडा सर्वांत अचूक नव्हता. त्यांनी रूझवेल्ट यांना सुमारे ५६ टक्के मते दिली होती, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक कमी. परंतु अंदाज चुकल्यास वर्गणी परत करण्याची हमी वृत्तपत्रांना देण्याचे धाडस त्यांनी केले होते. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचे मोजमाप आगाऊ सांगण्याचा प्रसंगही लोकांच्या स्मरणात राहिला. त्यामुळे कीर्ती त्यांना मिळाली.

लोक म्हणजे कोण?

या यशानंतर गॅलप यांच्या आकड्यांना देशभर मान मिळाला. पण त्यांच्या नमुन्यात देशातील सगळी माणसे होती असे मात्र नाही. निवडणुकीचा अंदाज बरोबर येणे ही चाचणीची कसोटी असल्याने जे मतदान करण्याचा संभव आहे, त्यांचाच नमुना घेण्याकडे संस्थेचा कल होता. स्त्रियांचे मतदान पुरुषांपेक्षा कमी होते म्हणून नमुन्यात त्यांची संख्या सुमारे एकतृतीयांश ठेवली जाई. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांना नाना युक्त्यांनी मतदानापासून वंचित ठेवले जात होते. तेथील चाचणीतही त्यांना जवळजवळ स्थान नव्हते. परराष्ट्र धोरण किंवा वेतन यांसारख्या प्रश्नांवर अमेरिकन जनतेचे मत म्हणून जे छापले जाई, त्यातही हीच त्रुटी उतरत असे. गावसभेचा आदर्श सांगणाऱ्या संशोधकाच्या कामातील हा सर्वांत गंभीर दोष म्हणावा लागेल. तो त्यांच्या एकट्याचा नव्हता, परंतु लोकांचा आवाज ऐकवण्याचा दावा त्यांनीच सर्वांत मोठ्याने केला होता.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो, यालाही तितकेच महत्त्व असते. १९३७ मध्ये संस्थेने विचारले की, एखादी स्त्री इतर सर्व बाबतींत पात्र असेल तर राष्ट्राध्यक्षपदासाठी तिला मत द्याल काय? ३३ टक्के लोकांनी होकार दिला. स्त्री असणे हीच एक अपात्रता आहे, हे गृहीतक इतर या एका शब्दात दडले होते आणि त्या वेळी ते फारसे कोणाला खटकले नाही. पुढे हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जाऊ लागला.

चाचणीच्या आकड्यांनी समाजाला आपलेच अप्रिय रूप दाखवल्याचेही प्रसंग आहेत. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने व प्रार्थनास्थळे उद्ध्वस्त करण्यात आली. त्यानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत ९० टक्क्यांहून अधिक अमेरिकनांनी नाझींच्या या वागणुकीचा निषेध केला. जर्मनीतील निर्वासित ज्यूंना अधिक संख्येने अमेरिकेत येऊ द्यावे काय, या प्रश्नाला मात्र ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी नकार दिला. शासनाने धोरण बदलले नाही. असा कौल हाती आल्यावर शासनकर्त्याने त्याचे अनुसरण करावे की लोकांचे मन वळवावे, याचे उत्तर चाचणीत मिळत नाही. जनमत हे शासनकर्त्यांना बांधून ठेवणारे नसून मार्गदर्शक असते, अशी गॅलप यांची भूमिका होती.

प्रश्नरचनेतील दोष गॅलप ओळखून होते. एकाच वेळी दोन निरनिराळ्या शब्दरचना दोन तुल्य गटांना विचारून उत्तरांत किती फरक पडतो, हे तपासण्याचे प्रयोग त्यांच्या संस्थेने बरेच केले. १९४७ मध्ये त्यांनी प्रश्न विचारण्याची पाच टप्प्यांची योजना मांडली. विषयाची माहिती आहे का, येथून सुरुवात करून मोकळे उत्तर, ठरावीक पर्यायांतील उत्तर, त्याची कारणे आणि शेवटी मताची तीव्रता, असा त्याचा क्रम आहे. ज्याला विषयच ठाऊक नाही त्याचेही होय किंवा नाही छापले जाते, या आक्षेपाला ते उत्तर होते. रोजच्या धावपळीत मात्र इतके प्रश्न विचारणे खर्चिक पडे, त्यामुळे ही योजना प्रत्यक्षापेक्षा पाठ्यपुस्तकांतच अधिक राहिली.

हॉलीवूड आणि परदेशातील शाखा

राजकीय चाचण्यांतून मिळकत फार नव्हती. संसार चालत होता तो जाहिरात व बाजारपेठ संशोधनावर. हॉलीवूडच्या निर्मात्यांसाठी प्रेक्षकांची आवड अजमावणारी एक संस्थाही गॅलप यांनी काढली होती. डेव्हिड सेल्झनिक व वॉल्ट डिझ्नी हे तिच्या ग्राहकांपैकी होत. पुढे जाहिरात-क्षेत्रात गाजलेले डेव्हिड ओगिल्व्ही यांनी उमेदवारीच्या काळात प्रिन्स्टन येथे याच संस्थेत काम केले. १९४८ मध्ये क्लॉड रॉबिन्सन यांच्या भागीदारीत गॅलप अँड रॉबिन्सन ही जाहिरात-संशोधन करणारी कंपनी स्थापन झाली.

ब्रिटनमध्ये हेन्री ड्युरंट यांनी गॅलप यांच्या धर्तीवर संस्था चालवली. १९४५ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्ष आघाडीवर असल्याचे तिच्या चाचणीत दिसले होते. महायुद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिल यांचा पराभव होईल, यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. फ्रान्समध्ये झाँ स्टॉएट्झेल यांनी १९३८ मध्ये अशीच संस्था सुरू केली. भारतात 'ईस्टर्न इकॉनॉमिस्ट'चे संपादक एरिक दा कोस्टा यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन स्थापन करून गॅलप यांच्या पद्धतीच्या चाचण्यांना प्रारंभ केला. दा कोस्टा यांना भारतातील जनमत चाचणीचे जनक म्हटले जाते.

१९४८ चे अपयश

१९४४ च्या निवडणुकीनंतर अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीसमोर गॅलप यांना आपल्या पद्धतीचा खुलासा करावा लागला होता. डेमोक्रॅटिक पक्षाचा आकडा त्यांनी स्वतःच्या अंदाजाने थोडा खाली आणला असल्याचे उघड झाले होते. समितीच्या तज्ज्ञांनी त्यांच्या नमुना-निवडीवरही टीका केली, पण ती तेव्हा मनावर घेतली गेली नाही.

ही निवड कोटा पद्धतीने होत असे. प्रत्येक मुलाखतकाराला इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, या वयाचे इतके, या आर्थिक स्तरातील इतके, असा वाटा ठरवून दिला जाई. त्या वाट्यात बसणारी नेमकी कोणती माणसे घ्यायची, हे मुलाखतकारावर सोपवलेले असे. मुलाखतकारही माणूसच, गरीब वस्तीतल्या बोळात शिरण्यापेक्षा रस्त्यालगतच्या नीटनेटक्या घराचे दार ठोठावणे त्याला सोयीचे वाटे. परिणामी प्रत्येक आर्थिक स्तरातील त्यातल्या त्यात बरी परिस्थिती असलेली माणसे नमुन्यात येत आणि रिपब्लिकन पक्षाचे बळ थोडे फुगून दिसे. १९३६, १९४० आणि १९४४ या तीनही निवडणुकांत हा कल होता. रूझवेल्ट यांचे मताधिक्य मोठे असल्यामुळे तो झाकला गेला.

१९४८ मध्ये हॅरी ट्रुमन यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे थॉमस ड्युई उभे होते. डेमोक्रॅटिक पक्षातून फुटून हेन्री वॉलेस व स्ट्रॉम थर्मंड हे दोघेही रिंगणात उतरले होते. ट्रुमन यांचा पराभव निश्चित मानला जात होता. रोपर यांनी तर सप्टेंबरमध्येच चाचण्या थांबवण्याचे जाहीर केले. गॅलप यांच्या शेवटच्या मुलाखती ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास आटोपल्या. त्यांनी ड्युई यांना ४९.५ आणि ट्रुमन यांना ४४.५ टक्के मते दिली. ट्रुमन रेल्वेने देशभर फिरत स्थानकास्थानकावर भाषणे करीत होते. अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत मतदारांचे मन बदलत होते, तेव्हा ते टिपायला कोणी मुलाखतकार मैदानात नव्हता. निकालात ट्रुमन यांना सुमारे ४९.५ टक्के, तर ड्युई यांना सुमारे ४५ टक्के मते मिळाली. ड्युई विजयी झाल्याचा मथळा छापणाऱ्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'चा अंक हसतमुखाने उंच धरणाऱ्या ट्रुमन यांचे छायाचित्र सर्वपरिचित आहे.

काही वृत्तपत्रांनी गॅलप यांची वर्गणी रद्द केली. बारा वर्षांपूर्वी 'डायजेस्ट'वर जी पाळी आली, ती आता त्यांच्यावर येते की काय, अशी परिस्थिती होती. सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने तातडीने चौकशी समिती नेमली आणि गॅलप यांनी आपली कागदपत्रे तिच्यासमोर खुली केली. कोटा पद्धतीतील दोष, चाचण्या लवकर थांबवणे आणि अनिश्चित मतदारांबाबतची चुकीची गृहीतके यांवर समितीने बोट ठेवले. चुकलेल्या चाचणीचे इतके उघड शवविच्छेदन या व्यवसायात प्रथमच झाले. 'डायजेस्ट' आणि गॅलप यांच्यातील खरा फरक येथे दिसतो: गॅलप यांनी चूक मान्य करून पद्धत बदलली. पुढील काही वर्षांत त्यांनी संभाव्यता नमुना-निवडीचा अवलंब केला. मुलाखतीची ठिकाणे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडली जाऊ लागली आणि माणूस निवडण्याचे मुलाखतकाराचे स्वातंत्र्य काढून घेण्यात आले. मतदान जवळ येईपर्यंत मुलाखती सुरू ठेवण्याची पद्धतही तेव्हाच पडली. सुमारे १,५०० लोकांचा नमुना पुढे राष्ट्रीय चाचण्यांसाठी पुरेसा मानला जाऊ लागला.

टीका

राज्यशास्त्रज्ञ लिंडसे रॉजर्स यांनी १९४९ मध्ये 'द पोलस्टर्स' या पुस्तकात गॅलप यांच्या मूळ कल्पनेलाच आव्हान दिले. गावसभेत लोक एकमेकांचे ऐकतात, वाद घालतात आणि प्रसंगी मत बदलतात. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला दिलेल्या एका शब्दाच्या उत्तरांची बेरीज म्हणजे सभा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनीही याच सुमारास समाजात सर्वांच्या मताचे वजन सारखे नसते, मत गटांच्या परस्परसंबंधांतून घडते, याकडे लक्ष वेधले. हे आक्षेप आजही जुने झालेले नाहीत. गॅलप यांची त्यावर बाजू अशी की, सर्वांचे वजन सारखे मानणे हीच तर लोकशाहीतील मतदानाची रीत आहे.

उत्तरायुष्य

१९५८ मध्ये आपल्या विविध उद्योगांचे एकत्रीकरण करून त्यांनी गॅलप ऑर्गनायझेशन ही कंपनी उभी केली. राष्ट्राध्यक्षांचे काम पसंत आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या संस्थेने नियमितपणे विचारायला सुरुवात केली आणि त्याचा आकडा हे अमेरिकन राजकारणाचे एक मापच बनले. ट्रुमन यांच्या बाबतीत तो जून १९४५ मधील ८७ टक्क्यांवरून १९५२ मध्ये २२ टक्क्यांपर्यंत घसरला होता. सरकारी शाळांविषयी लोकांचे मत जाणून घेणारी वार्षिक पाहणी १९६९ मध्ये सुरू झाली. शाळांपुढील सर्वांत मोठी समस्या कोणती, या प्रश्नाला पहिली अनेक वर्षे लोकांनी शिस्तीचा अभाव हेच उत्तर दिले. शिक्षकांनी कदाचित वेगळे उत्तर दिले असते.

राजकीय पक्षांकडून पैसे घेऊन चाचण्या करायच्या नाहीत, हा नियम गॅलप यांनी अखेरपर्यंत पाळला. आपल्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येऊ नये म्हणून अध्यक्षीय निवडणुकीत ते स्वतः मतदान करीत नसत. 'द सॉफिस्टिकेटेड पोल वॉचर्स गाइड' (१९७२) या पुस्तकात त्यांनी चाचणी कशी वाचावी, हे सामान्य वाचकासाठी लिहिले. त्याच वर्षी १९३५ ते १९७१ या काळातील त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष तीन खंडांत प्रसिद्ध झाले. इतिहासाच्या अभ्यासकांना हे खंड आजही उपयोगी पडतात.

स्वित्झर्लंडमध्ये थून सरोवराजवळील त्शिंगेल या गावी गॅलप यांचे उन्हाळी घर होते. तेथेच २६ जुलै, १९८४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत ते कामात होते. प्रिन्स्टन येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. अॅलेक व जॉर्ज हे दोन्ही मुलगे वडिलांच्याच व्यवसायात होते. १९८८ मध्ये कुटुंबाने ही कंपनी नेब्रास्का राज्यातील सिलेक्शन रिसर्च या संस्थेला विकली; नव्या मालकांनी गॅलप हे नाव कायम ठेवले. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिच्या अखेरच्या चाचणीत मिट रॉम्नी किंचित पुढे होते आणि निवडून आले बराक ओबामा. त्यानंतर कंपनीने पुन्हा एकदा आपल्या पद्धतीची तपासणी केली. २०१६ च्या निवडणुकीत कोणता उमेदवार पुढे आणि कोणता मागे, हे सांगणारी चाचणी तिने घेतली नाही.